डावी बाजू घट्ट आहे

बोगद्याच्या कामावरून,
४ सप्टेंबर

प्रिय बारके,

कंपनीचा माणूस तुझ्या दारी येऊन गेला असेल. त्यानं काय सांगितलं आणि किती गिळलं, मला ठाऊक नाही. म्हणून मी माझ्या हातानं लिहितो. माझं अक्षर तुला लागतं, एवढं एक बरं आहे.

तुझा नवरा गेला, बारके. मिस्त्री गेला. हे वाक्य मी चार वेळा लिहून फाडलं. दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेनं लिहिलं तरी अर्थ तोच राहतो.

आमच्या कामाची रीत तुला त्यानं सांगितली असेलच. सुरुंग उडाला की धूर निवेपर्यंत सगळ्यांनी बाहेर थांबायचं. मग मिस्त्रीनं एकट्यानं आत जायचं, एखादा सुरुंग न उडता राहिला आहे का ते बघायचं आणि हाळी द्यायची. हाळी आल्याशिवाय दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. तो गेला, आणि हाळीच्या जागी छत बसल्याचा आवाज आला. एका क्षणात झालं. त्याला कळलंसुद्धा नसेल. हे तू घट्ट धरून ठेव आणि सासूबाईंनाही असंच सांग.

तो अजून आत आहे. मधे दगडमाती भरली आहे. मार्चमध्ये तुझ्या उंबऱ्यावर उभा राहून, देवाला साक्षी ठेवून मी काय बोललो होतो, ते मी विसरलेलो नाही. 'जसा नेतो तसा आणून देईन.' जसा नेला तसा तर आता आणता येत नाही. पण आणीन. तुमच्या मंडळीच्या कबरस्तानात, तुमच्या तान्ह्या बाळाशेजारी त्याला ठेवल्याशिवाय मी या डोंगरातून उतरणार नाही.

पाळकांना सांग, प्रार्थनेची घाई करू नका म्हणावं.

तुझा दादा


१३ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र शिवणघरात आलं. बरं झालं, घरी आलं नाही. दवाखान्याच्या चादरींना टाके घालत होते. मेट्रन म्हणाली, "घरी जा." मी म्हटलं, "घरी जाऊन काय करू? तिथं शिवायला काही नाही." मग तिनंच दार लावून घेतलं आणि माझ्या मशीनवर बसून उरलेल्या चादरी शिवल्या. टाके वाकडे पडलेत. मी ते उसवले नाहीत.

सासूबाई रडल्या नाहीत. त्या तुझ्या नावानं बोलतात, आणि माझ्यासमोर बोलतात, एवढं त्यांचं चांगलं. काल पाळक आणि पाळकबाई आले होते, तर सासूबाई त्यांच्यादेखत म्हणाल्या, "हिचा भाऊ आहे की कंत्राटदार? भाऊ असता तर माझ्या लेकाच्या आधी स्वतः आत गेला असता."

मी म्हटलं, "आई, तशी रीत नसते तिथं."

"रीत! मेल्यांनो, मरायची पण रीत लावून ठेवलीय का?"

पाळकांनी मान खाली घातली. नंतर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, देह मिळेल न मिळेल. आपण रविवारी आठवणीची प्रार्थना घेऊ." मी नको म्हटलं. ह्यांना आणल्याशिवाय प्रार्थना नाही. माझ्या भावानं शब्द दिला आहे, आणि त्यानं आजवर शब्द खाली पडू दिलेला नाही, असं मी त्यांना सांगितलं. दादा, मी तुला भरीला घालत नाही. पण तुझा शब्द मी तुला परतही देत नाही. माझ्याकडे आता दुसरं काही नाही.

चर्चमध्ये जाते. गीताचं पुस्तक उघडत नाही. ओठ मिटून उभी राहते. शेजारची बाई आपला आवाज वाढवते, माझ्या वाटचं गाऊन टाकल्यासारखा. देव बघत असेल तर बघू दे.

कंपनीचा माणूस बोलता बोलता म्हणाला, "तीन दिवस तुमचे बंधू आतून हलले नाहीत, जेवायलासुद्धा बाहेर आले नाहीत." ऐकून मला बरं वाटलं. तू लगेच खणायला लागलास म्हणायचं. पण जेवत जा. तुझं पोट तुला ठाऊक आहे.

ह्यांचा राखाडी स्वेटर सापडला का? कोपराला मी निळ्या लोकरीचं ठिगळ लावलं होतं. ते हसले होते, "आता चोर तरी नेणार नाही" म्हणून.

बारकी


बोगद्याच्या कामावरून,
२६ सप्टेंबर

प्रिय बारके,

स्वेटर त्याच्या अंगावरच होता. आत गारठा असतो.

सासूबाई बोलल्या त्यात खोटं काही नाही. त्यांना म्हणावं, रोज दोन शिव्या जास्त द्या, एवढ्यानं माझं भागत नाही.

काम चालू आहे. कसं, ते सांगतो, म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर राहील. कोसळलेला दगड सरळ उपसता येत नाही. खालून टोपलीभर काढला की वरून दोन टोपल्या घसरतात. धान्याच्या पोत्याला भोक पडावं तसं. म्हणून एका बाजूनं, माणूस रांगत जाईल एवढंच भगदाड पाडत जायचं आणि हातभर पुढं गेलो की लाकडी चौकट ठोकायची. चौकट ठोकली की मी सगळ्यांना गप्प करतो आणि पहारीचं एक टोक दगडाला, दुसरं कानाला लावून ऐकतो. दगड सरकण्याआधी बारीक कुरकुरतो. पोरं म्हणतात, "शेठचे कान म्हणजे कुत्र्याचे कान." मी म्हणतो, "कुत्र्याला निदान पगार मागता येत नाही, तुमच्यापेक्षा तो परवडतो." हसतात बिचारी. हसल्याशिवाय कुणी त्या भोकात शिरत नाही.

कंपनीचा साहेब मात्र वैतागलाय. पोरांनी त्याचं नाव फुटपट्टी ठेवलंय, कारण त्याच्या खिशात ती असतेच आणि तो स्वतःही तसाच दिसतो. परवा मला म्हणाला, "आपण बोगदा वळवून बाजूनं नेऊ. इथं काँक्रीटची भिंत घालू. तिच्यावर त्याच्या नावाची पाटी लावू, पितळेची." माणूस वाईट नाही. त्याला खरंच वाटतंय की पितळ म्हटल्यावर मी विरघळेन.

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या वडिलांना भिंतीत ठेवाल का?"

"भावनेचा प्रश्न नाही," म्हणाला. "आत जिवंत माणसं जातात, त्यांचा प्रश्न आहे."

यावर मी नुसता आवाज चढवला. पण माझी माणसं माझ्या बाजूनं उभी आहेत. भोंग्या तर म्हणाला, "मिस्त्रीला आणल्याशिवाय मी दाढी करणार नाही." हा भोंग्या म्हणजे जेवणाची हाक मारणारा. आमचा भोंगा बिघडला होता तेव्हापासून तेच काम करतो, दरीच्या पलीकडे ऐकू जातं. त्याला मुळात दाढीच नीट येत नाही, तेव्हा नवस स्वस्तात पडला.

तू काळजी करू नकोस. उजवीकडे सगळं सुटं, ढासळतं आहे, पण डावी बाजू घट्ट आहे, पार त्याच्यापर्यंत. तिकडूनच शिरतोय. महिनाभरात पोचू.

दादा


४ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मी मशीनच्या पेटीत ठेवलं होतं. परत परत वाचत होते, कारण त्यात चौकटी आणि पहार आणि भोंग्याची दाढी होती, आणि ते वाचताना ह्यांच्याजवळ गेल्यासारखं वाटायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला मी एका वाक्यावर अडले.

आपल्या बाबांनी जन्मभर विहिरी खणल्या. ढासळलेल्या दगडाच्या पलीकडे काय आहे ते अलीकडच्या माणसाला कळत नाही, हे आपल्या दोघांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. तुझे कान कितीही तिखट असले तरी ते हातभर पुढचं ऐकतात, तूच लिहितोस.

मग डावी बाजू घट्ट आहे, पार त्याच्यापर्यंत, हे तुला कुणी सांगितलं?

तीन दिवस तू जेवायला बाहेर आला नाहीस. मला वाटलं खणत होतास. खणणारा माणूस जेवतो, दादा. खणणाऱ्याला भूक लागते.

एका क्षणात झालं, असं तू लिहिलंस. मी तेच सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ते शेजारी सांगितलं. सगळी मंडळी आता तेच म्हणते, "निदान हाल तरी झाले नाहीत." रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बायका माझा हात धरून तेच म्हणतात आणि मी मान हलवते.

लहानपणी खोटं बोललास की बाबा मारायचे नाहीत, नुसते म्हणायचे, "ख्रिस्ती माणसाचं हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही." आणि तू रडायला लागायचास, इतका मोठा घोडा. मी तेच विचारते. ते जिवंत होते का? किती वेळ? तू बोललास का त्यांच्याशी? हो किंवा नाही लिही. बाकी काही लिहू नकोस.

बारकी


बोगद्याच्या कामावरून,
१८ ऑक्टोबर

प्रिय बारके,

तू हो किंवा नाही लिही म्हणालीस. मी दोन्ही लिहीत नाही.

पहिल्या पत्रात एक वाक्य मी लिहिलं, ते आता पुन्हा लिहिणार नाही. ते खोटं होतं असंही म्हणत नाही, खरं होतं असंही म्हणत नाही. मी एका माणसाला शब्द दिला आहे. तो माणूस मला त्यातून सोडवू शकत नाही. तू हुशार आहेस, यापुढचं तुझं तू समजशील. पण माझ्या तोंडून नाही. तू मला वाटेल ते म्हण. खोटारडा म्हण. मी तुझ्याशी खोटं बोलणं आजपासून थांबवलंय आणि त्याच्याशी खोटा होत नाहीये, या दोन्हींच्या मधे जेवढी जागा आहे तेवढ्यात उभा आहे. फार अरुंद जागा आहे.

आता दुसरं. ते मात्र स्पष्ट लिहितो.

गेल्या सोमवारी चौकट बसली. मी पहार लावून ऐकलं होतं, दगड गप्प होता. मी "जा" म्हटलं आणि भोंग्या शिरला. माझे कान चुकले, बारके. डावी बाजू घट्टच होती, तिथून खडासुद्धा हलला नाही. दगड वरून आला. भोंग्याचा पाय मांडीपासून कापावा लागला.

तालुक्याच्या दवाखान्यात आहे. त्याची बायको आलीय, कडेवर पोर घेऊन. मला बघून ती उठून उभी राहिली आणि तिनं मला बसायला स्टूल दिलं. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. भोंग्या बोलत नाही. दरीपलीकडे आवाज पोचवणारा माणूस, बायको पाणी हवं का विचारते तर नुसती मान हलवतो.

साहेब खिशातली पट्टी काढून हातात फिरवत उभा राहिला. महिनाअखेर भिंत घालायचा हुकूम आलाय. मी आडवा पडलो तर तो थोडे दिवस थांबेल असं वाटतं. माणसं अजूनही आत जायला तयार आहेत, मी जा म्हटलं तर. तेच मला सहन होत नाही. आणि नका जाऊ म्हटलं, तर देवाला साक्षी ठेवून तुझ्या उंबऱ्यावर बोललेलं काय करू? तुला दिलेला शब्द आणि माझा हट्ट यांत आता फरक करता येत नाही मला. प्रार्थनेला बसतो, तर तिथंही हिशेब मांडल्यासारखा बोलतो आणि उठतो.

मी आयुष्यात कुणाला विचारून काही केलं नाही. आज तुला विचारतो. काय करू?

दादा


२५ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. पहिला भाग गाळला नाही. त्या ऐकत होत्या. भोंग्याचं आलं तेव्हा त्यांनी हात वर केला, "थांब" म्हणून. मग म्हणाल्या, "तिचं पोर केवढं आहे?"

"कडेवर आहे म्हणतो."

"तुझ्या भावाला लिही, पुरे म्हणावं. माझा लेक आत एकटा आहे तेच बरं आहे. त्याला सोबत नको."

म्हणून लिहिते. दादा, तू शब्द मला दिला होतास, तेव्हा तो परत द्यायचा हक्कही माझाच. मागे मी तो देत नाही म्हटलं होतं. आज देते. देवाला साक्षी ठेवलं होतंस, म्हणून मीही त्याच्यापुढं गुडघे टेकून देते. माझा भाऊ मोकळा आहे, त्यानं मोडला नाही, मी सोडला, असं मोठ्यानं म्हटलं. भोंग्याच्या बायकोची जागा मला ठाऊक आहे. तिथं मी आणखी कुणाला बसवणार नाही.

मी फार विश्वासाची बाई झाले आहे असं समजू नकोस. गीताचं पुस्तक अजून मिटलेलंच आहे. देवावर माझा राग आहे आणि तो मी त्याला सांगते. पण एक गोष्ट शिवता शिवता मनात आली, ती गेली नाही. आपण शब्द देतो, आणि तो पुरा करायची ताकद आपल्या हातात नसते. तुझ्यात होती तेवढी तू लावलीस, वर भोंग्याचा पाय लावलास. देवाचं तसं नाही. 'मी तुला सोडणार नाही' हे तो बोलून बसला आहे, आणि ह्यांच्यापर्यंत पोचायला त्याला वाट खोदावी लागत नाही. तो तिथं आहे. तू पोचायच्या आधीपासून होता. हे खरं नसेल तर कबरस्तानातल्या जागेलाही काही अर्थ नाही. आणि खरं असेल तर भिंतीनं काही बिघडत नाही. पाळकांना हे सांगितलं. ते म्हणाले, यालाच विश्वास म्हणतात. मला तसं वाटत नाही. दुसरं काही धरायला राहिलं नाही म्हणून धरलंय. पण वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

भिंत घालाल त्या दिवशी मला यायचं नाही. इथं मंडळी प्रार्थना घेणार आहेत, त्याच दिवशी. मी हो म्हटलंय.

आता एकच. ह्यांच्याबद्दल तू काही सांगू शकत नाहीस, ते मला कळलं. मी विचारणार नाही, कधीच. त्यांनी तुझ्याकडून काय वदवून घेतलं असेल तेही मला कळतं. चौदा वर्षं त्यांच्याबरोबर राहिले आहे. पण मी तुझ्याबद्दल विचारू शकते. तुझ्याबद्दल बोलायला तुला कुणी बंदी केली नसणार. एवढं ह्यांना सुचलं नसेल.

तू शेवटपर्यंत होतास का?

बारकी


बोगद्याच्या कामावरून,
७ नोव्हेंबर

प्रिय बारके,

काल भिंत झाली. मी स्वतः काँक्रीटचं पहिलं घमेलं ओतलं. साहेबानं टोपी काढली. पितळेची पाटी मी नको म्हटलं. भोंग्याला मी माझ्या कोठारावर ठेवून घेतोय. बसून करायचं काम आहे. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही.

तू परत दिलेला शब्द घेतला. हलकं वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि तुझ्याशी खोटं बोलणं मी बंद केलंय. जड वाटतं. पण घेतला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: होय. होतो.

तू वाट शोधून दिलीस, तर त्या वाटेनं जेवढं जाता येतं तेवढं जातो. ड्रिलच्या हवेचा लोखंडी पाइप आतपर्यंत गेलेला असतो. तो दबला होता, पण फुटला नव्हता. मी तीन दिवस त्याच्यापाशी होतो. माझं मी काय बोललो तेवढं लिहितो. दुसऱ्या कुणाचं नाही.

मी म्हणालो, "ऐकतोय. बोल." मग म्हणालो, "डावीकडून? बरं." मग म्हणालो, "गप्प बस, आत कुणाला पाठवायचं आणि कुणाला नाही ते कंत्राटदार ठरवतो, मिस्त्री नाही." हे वाक्य मला भोंग्याच्या खाटेपाशी रोज ऐकू येतं. मग म्हणालो, "हळू बोललास तरी चालेल, माझे कान तुला ठाऊक आहेत." यानंतरचं माझं एक वाक्य गाळतो. ते वाचलंस तर ते कशाचं उत्तर होतं हे तुला कळेल.

मग मी गायलो. माझा आवाज तुला माहीत आहे, पण पोरं हसली नाहीत. दुसरं कडवं मला येत नव्हतं, म्हणून पहिलंच पुन्हा म्हटलं. मधेच थांबून म्हणालो, "असं का? बरं, तू सांग, मी मागून म्हणतो," आणि दुसरं कडवं ओळ ओळ करून म्हटलं. आता मला ते येतं.

तिसऱ्या दिवशी म्हणालो, "बोल." थोड्या वेळानं म्हणालो, "बोल ना रे."

मग मी प्रभूची प्रार्थना धरली. सावकाश, एकेक वाक्य म्हणून थांबत, मधे जागा सोडत. शेवटाला आलो. आमेन म्हणालो आणि पाइपाला कान लावून बसलो. बराच वेळ बसलो, बारके. मग त्याच्या वाटचं आमेनही मीच म्हणालो.

तुझा दादा